चाकाला शिवलेली लेक

येडशीच्या स्टेशनावर छोटी गाडी उभी होती आणि आबा इंजिनात पडणारं पाणी बघत होते. बाहत्तरचा दुष्काळ. गावात कळशीभर पाण्यावरून भांडणं होत होती आणि इथं गाडी घटाघटा पीत होती. नवरा पुण्याला चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यात लागला होता, त्याच्यामागून मी निघाले होते. गाडी हलली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "तिकडं तरी मातीत हात घालू नको, बाय. सुखानं ऱ्हा."

तुम्ही गावकरी मागं राहिलात, तुमच्यातले काही माझ्यासारखेच निघून गेले. आमचं कुंभाराचं घर तुम्हाला आठवत असेल. माती आणायची, चाळायची, लीद घालून तुडवायची, थापीनं ठोकून मडक्याला पोट आणायचं, हे सगळं आई आणि मी करायचो. चाक मात्र आबांचं. आमच्यात बाईनं चाकाला शिवायचं नाही. लग्नघरच्या बायका वाजतगाजत येऊन त्याच चाकाला हळदकुंकू वाहायच्या. पूजेला बाई चालायची, फिरवायला नाही. त्या साली माती होती, ती भिजवायला पाणी नव्हतं. आबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते.

पुण्यात मी त्यांचं ऐकलं नाही. कारखान्यात कपांवर फुलं काढता काढता एका बाईंच्या मातीकामाच्या वर्गाला जाऊ लागले. तिथं विजेवरचं चाक होतं. पहिल्या दिवशी चपला काढून मी चाकाला नमस्कार केला तेव्हा बाकीच्या हसल्या. हळूहळू ग्लेझ, किल्न, फॉर्म हे शब्द तोंडात बसले आणि मडकी भाजायचा आवा हा शब्द जिभेवरून गेला. गावी मात्र यातलं अक्षर कुणाला कळू दिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी आबा डोळे दाखवायला पुण्याला आले. त्याच आठवड्यात एका हॉलमध्ये माती आणि आजची कला यावर जाहीर चर्चा होती आणि तिथं मला चाक चालवून दाखवायचं होतं. कधीतरी कळायचंच, म्हणून आबांना घेऊन गेले. वक्ते मातीची स्मृती, मातीचं मौन असं छान छान बोलले; आबा टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. मग मी चाकावर बसले. त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. मडकं उतरवलं आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई कौतुकानं आबांकडं वळल्या. "आजोबा, लेकीला तुम्हीच शिकवलंत ना?"

आबांनी टोपी डोक्यावर घातली, सारखी केली. "व्हय," ते म्हणाले. "म्याच शिकवलं."

टाळ्या पडल्या. मला रडू आवरेना, कारण हा माणूस कधी खोटं बोलत नसे. रिक्षात म्हणाले, "चार लोकांत लेकीला उघडं कसं पाडू?"

त्या चार लोकांत आमच्या भावकीतलाही एक होता. बातमी आबांच्या आधी गावात पोचली: कुंभारानं लेकीला चाकावर बसवलं, चाक बाटवलं. तोवर ढोकीच्या साखर कारखान्याला ऊस जाऊ लागला होता आणि उसामागून घरोघर स्टीलच्या कळशा आल्या होत्या. आबांकडं उरली होती ती लग्नाची मडकी आणि येळवशीच्या अमावस्येला शेतातल्या पूजेसाठी आंबील न्यायची मातीची बिंदगी. तीही लोक शेजारच्या गावाहून आणू लागले. खरं काय ते सांगितलं असतं तर आबा एका वाक्यात सुटले असते. आईनं विनवलं, मी विनवलं. "बोललो ते बोललो," म्हणाले. "आता फिरलो तर तिकडं पोरगी खोटी पडंल."

त्या येळवशीला मी गावी गेले. बायका परगावची बिंदगी डोक्यावर घेऊन शेताकडं निघाल्या, आमच्या दारात कुणी थांबलं नाही. गल्ली रिकामी झाल्यावर आबांनी चाकावरचं पोतं काढलं आणि मला हाक मारली. "बस हितं. लबाड म्हणून मरायचं न्हाय मला."

मी बसले. त्यांनी दांड्यानं चाकाला गती दिली. मी माती मुद्दाम डगमगू दिली, तसे त्यांनी मागून माझे हात धरले. "आंगठा आत घे. घाई नको करू. हां, आता वर." जे येत होतं तेच मी पहिल्यांदा शिकल्यासारखी करत गेले.

ते मडकं भाजून निघालं, पण कुणी नेलं नाही, आम्हीच त्यातलं पाणी प्यायलो. पुढं आबा गेले, तेव्हा तिरडीपुढचं मडकंही भावकीनं परगावाहून आणलं. मला ते अजून सहन होत नाही.

आता त्या जागेवर पिठाची गिरणी आहे. तुम्ही कुणी गावी गेलात तर आमचं घर शोधू नका. मला मात्र घर म्हटलं की ती सकाळ आठवते. मला सगळं येत होतं, आणि आबांनी ते हॉलमध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी त्यांनी मला पहिल्यापासून शिकवलं.