परवानगीकाकूंचा ऑस्ट्रेलिया

मेंढ्यांचा फोटो काढण्याआधी कुंपणापाशी उभं राहून शेतकऱ्याला हाक मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. स्कॉटलंडच्या सहलीत आमची अख्खी बस त्यापायी ताटकळली होती. शेतकरी आला, त्याने आधी काकूंकडे आणि मग मेंढ्यांकडे पाहिलं आणि काकूंना थेट चहालाच आत नेलं. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात तेव्हापासून सुमनकाकूंचं नाव परवानगीकाकू पडलं.

काकू तिथल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर होत्या आणि मंडळाच्या सहली त्याच ठरवायच्या. मी पुण्याहून लंडनजवळच्या स्लाऊच्या ऑफिसात आलेली. शनिवारी त्यांच्याकडे पोहे खायला जाता जाता त्यांची असिस्टंट कधी झाले, कळलंच नाही. आठवड्यात सात देश दाखवणाऱ्या पॅकेजांवर त्यांचा भारी राग होता. म्हणायच्या, "घरमालकाला न भेटता नुसता दिवाणखाना बघून आलो, याला कसला प्रवास म्हणायचं?"

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. त्यांच्या सर्जरीत मेलिसा नावाची नर्स आली. ती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कुटुंबातली. तिची आई, जून आँटी, आपल्या लोकांच्या जमिनीवर पाहुण्यांना घेऊन फिरायची. नदी दाखवायची, झाडपाला ओळखायला शिकवायची, गोष्टी सांगायची. मध्ये कुठली कंपनी नाही. काय दाखवायचं आणि काय नाही, हे त्या घरचीच माणसं ठरवणार. काकूंना हे कळलं त्या संध्याकाळी त्या कोटही न काढता माझ्याकडे आल्या. "हेच गं. इतकी वर्षं मी हेच शोधत होते."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांनाच वेड लावलं. सिडनीचं बुकिंग करून बसलेल्या जोशी मंडळींनी ते रद्द केलं. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत आम्ही युकॅलिप्टसच्या जातींवर वाद घालू लागलो. फक्त एक गोष्ट बाकी होती. आँटी अनोळखी घोळका नेत नसे. उन्हाळ्यात ती लेकीकडे यायची होती, तेव्हा आम्हाला भेटून काय ते सांगणार होती. "तिने नाही म्हटलं तर विषय संपला," काकू म्हणाल्या, "घर तिचं आहे." पण तिने नाही म्हणू नये म्हणून त्यांचा जीव किती टांगणीला लागला होता, ते मी रोज पाहत होते.

स्वागताची तयारी काकूंच्या घरी. दारात रांगोळी, आत समई, पुरणपोळ्या. आँटी काय खाते, नमस्कार कसा करायचा, सगळं मेलिसाला विचारून झालं होतं. एकच गोष्ट विचारायची राहिली, कारण ती विचारायची असते हे काकूंच्या स्वप्नातही आलं नाही. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकातला आँटीच्या मुलखातल्या वृद्धांचा फोटो त्यांनी मोठा करून आणला, फ्रेम केला आणि त्याला चंदनाचा हार घालून पुढे उदबत्ती लावली. पाहुणीच्या पूर्वजांचा मान आपण आणखी कसा राखणार?

आँटी हसत आत आली. फोटो पाहिला, मान खाली घातली आणि तशीच बाहेर बागेत निघून गेली. मेलिसाने हळू आवाजात सांगितलं, की आमच्यात वारलेल्या माणसांचे चेहरे असे समोर मांडत नाहीत, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. बघणाऱ्याला ते फार लागतं.

आम्ही सगळेच खुलासे करायला धावलो. काकूंनी हातानेच आम्हाला थांबवलं. हार काढला, उदबत्ती विझवली, अंगावरची शाल फ्रेमभोवती गुंडाळून ती वर नेऊन ठेवली. मग बाहेर जाऊन त्या आँटीशेजारी बागेच्या कठड्यावर बसल्या. "ते कोण होते मला ठाऊक नाही, तरी मी त्यांना लोकांसमोर बसवलं. चुकलं माझं," एवढंच त्या इंग्रजीत म्हणाल्याचं मागून कळलं. आम्ही खिडकीतून बघत होतो. पोळ्या गार झाल्या.

मग आँटीने विचारलं, तुझी माणसं कोण, तुझं पाणी कुठलं? मूळ कुठल्या तुम्ही, असं कुणी गोऱ्याने विचारलं की काकू "हॅरो" म्हणून तोंड बंद करायच्या. त्या दिवशी मात्र कृष्णाकाठचं गाव, घाट, आजोबा, कुलदैवत, माहेरच्या बहिणी, सगळं सगळं सुरू झालं. शेवटी चहा बाहेरच न्यावा लागला. कप हातात घेत आँटी म्हणाली, "यू कम. ब्रिंग युअर मॉब." मॉब म्हणजे त्यांच्याकडे आपली माणसं. खिडकीच्या आत आम्ही जो काही गलका केला, त्याने शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावला.

निघायच्या आधी काकूंच्या हृदयाने दगा दिला आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. त्या हीथ्रोला पोचवायला आल्या. रडत मी होते आणि त्या मला दटावत होत्या, की नीट बघून ये, मला सगळं ऐकायचंय.

आम्ही तिकडे पोचलो तेव्हा आँटी नदीकाठी उभी होती. नव्या माणसाच्या डोक्यावर नदीचं पाणी शिंपडायचं आणि पूर्वजांना हाक मारून कोण आलंय ते सांगायचं, ही तिथली रीत. त्याआधी आत पाऊल टाकायचं नाही. पाण्यात हात घालून ती आमच्यावरून नजर फिरवता फिरवता थांबली. सुमन कुठे? मी सांगितलं. तिने पाण्यातला हात बाहेर काढला. "मी तिला बोलावलं होतं. तिच्याशिवाय नदीला काय सांगू?"

तिने काठावरच्या घरातून कॉर्डलेस फोन आणवला. मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. हॅरोत सकाळ होती. काय चाललंय ते मी काकूंना घाईघाईने सांगितलं, तोवर आँटीने फोन घेऊन नदीकडे धरला आणि आपल्या भाषेत मोठ्याने साद घातली. अधूनमधून स्पष्ट ऐकू येत होतं, सुमन, सुमन. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

"काकू, ऐकू आलं?"

काकू म्हणाल्या, "चपला काढून उभी आहे गं मी इथे. सांग तिला."