बत्त्या बंद करणारी खाला

खाला कुणाच्याही घरात शिरली की चप्पल काढायच्या आधी भिंतीवरची बटणं शोधायची. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी बत्ती बंद. घरमालक समोर उभा असला तरी तिला त्याचं काही नसे. पिंपळगाव रेणुकाईत बायकांचे फोटो काढणारी ती एकटीच, आणि निम्म्या गावाशी तिचं या एकाच कारणावरून वाजलं होतं. लोक तिला आगाऊ म्हणत. होतीच ती आगाऊ, आणि मला तिचं तेच आवडायचं.

पिवळा बल्ब, निळसर ट्यूब, सजावटीची गुलाबी-हिरवी माळ आणि दारातून येणारं ऊन, असं सगळं एकदम दिसलं की ती वैतागायची. म्हणायची, "चार बत्त्या चार गोष्टी सांगून राह्यल्या. कॅमेऱ्यानं ऐकावं कोनाचं?" मग एकच उजेड ठेवायची, शक्यतो दाराचा. कमरेचा पांढरा रुमाल माणसाच्या गालाशी धरायची आणि त्यावरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बसवायची. रुमाल पांढरा आला की माणसाचा रंगही बराबर येतो, एवढं साधं होतं तिचं. एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात तिनं स्टेजवरचे गुलाबी दिवे बंद करायला लावले होते. नवरीला जरा उजळ काढ, असं तिथली कुणी मावशी म्हणाली, तर खालानं रुमाल तिच्याच गालाला लावून तिचा स्वतःचा रंग तिला दाखवला.

माझ्या मुलाचं बारसं माहेरी, पिंपळगावातच होतं. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, सासरची माणसं आली होती. बाळ बारा दिवसांचं, आणि बारा दिवस आम्ही दोघं बंद खोलीत. वारं लागू नये म्हणून खिडकी लावलेली, ऊब राहावी म्हणून मोठा पिवळा बल्ब अष्टौप्रहर चालू. बाळ पिवळं दिसायचं, दूधही नीट ओढत नव्हतं. माझ्या जिवाला घोर लागला होता. पण सासूबाई म्हणाल्या, अंगाला हळद-साय लावतात तिचा रंग आहे, वर बल्बही पिवळा. बाळंतिणीचं ऐकतो कोण! मीही तेच खरं मानलं.

खाला आली. माळ बंद, बल्ब बंद, खिडकी सताड उघडी. बायकांनी आरडाओरडा केला, तिनं लक्ष दिलं नाही. रुमाल बाळाच्या गालाशी धरून एक फोटो काढला, कॅमेऱ्यात बघितला. पुन्हा बघितला. मग बोटानं अलगद बाळाची पापणी वर केली.

"रुमाल पांढरा आला," ती म्हणाली. "डोळा न्हाई आला."

कॅमेरा पिशवीत घालून तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, ही कावीळ आहे, आत्ताच्या आत्ता जालन्याला न्या, तोवर मी एकही फोटो काढणार नाही.

सासूबाई खवळल्या. शुभ वेळेला असं बोलणारी ही कोण, नाव ठेवल्याशिवाय बाळ घरातून हलणार नाही, म्हणाल्या. खाला त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. माझ्याकडे वळली.

"बेटा, आई तू हायेस. उजेडात बघ अन् मंग सांग."

मी बघितलं. डोळ्यांतलं पांढरं पिकल्या लिंबाच्या सालीसारखं झालं होतं. मी बाळाला पाळण्यातून उचललं आणि कुणाला न विचारता उंबरा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदाच. भावानं जीप काढली, खाला पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसली.

डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कावीळ मेंदूपर्यंत गेली असती. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. खोली सगळी निळी. सवयीनं खालाचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. "ही एक राहू दे," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. मग मीही रडून घेतलं.

खाला गेल्या वर्षी गेली. मुलगा आता सात वर्षांचा आहे, सावळा आणि तिच्याइतकाच आगाऊ. त्याच्या बारशाचा तो एकच फोटो, पांढरा रुमाल आणि पिवळं बाळ, मी बैठकीत लावलाय. सासूबाई अजून म्हणतात, अशुभ दिसतो, काढून टाक. मी काढला नाही, काढणारही नाही. घरी आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, पोरगं इतकं पिवळं कसं आलं, बल्ब होता का वर?

मी सांगते, नाही. बल्ब खालानं बंद केला होता.