दिव्याचं पुढे काय झालं

जगात सर्वांत जास्त सिनेमे पाहून एकाही सिनेमाची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस शोधायचा असेल, तर फार लांब जायला नको; कांदिवलीला माझ्या बायकोचे थोरले मामा राहतात. मामा मालाडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या अंगाला एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की पुढचं रीळ चढवलेलं दुसरं मशीन सुरू करायचं. चुकला तर पडदा पांढरा आणि पब्लिकच्या शिट्ट्या. त्यामुळे मामांनी उभी हयात त्या कोपऱ्याकडेच बघितलं. खाली नायिका रडो की नाचो, मामांना सोयरसुतक नव्हतं. कुठल्याही गाजलेल्या सिनेमाचा विषय निघाला की ते गंभीरपणे म्हणत, "सातव्या रिळात फिल्मला जोड होता त्याच्या." डोळ्यांना ती सवयच लागलेली. माणसाशी बोलतानाही ते त्याच्या खांद्यावरून हवेत कुठेतरी बघत. आमच्या साखरपुड्यात ते माझी विचारपूस करत होते, तेव्हा माझ्या मागे कुणी वडीलधारं उभं असावं असं समजून मी लगबगीने वळून वाकलो, तो थेट केटररच्या पाया पडलो.

मग टॉकीज बंद झालं, तिथे टॉवर आला आणि मामा घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. एकदा मामींचा फोन आला. हे रोज दहाला शर्ट-पँट चढवून, भांग पाडून तयार होतात आणि दारापाशी खुर्चीत बसतात, संध्याकाळी उठून कपडे बदलतात, बोलत काही नाहीत, असं त्या सांगत होत्या. "जावईबापू, ह्यांका खंय तरी घेवन जावा," त्या म्हणाल्या. माझ्यावर अशी कामं सोपवू नयेत हे सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. सासऱ्यांना ऐकू येत नाही असं समजून मी त्यांच्या साठीला कानाचं यंत्र भेट दिलं होतं. त्यांना नीट ऐकू येत होतं. ते फक्त मला उत्तर देत नसत.

तरीही मी मामांना मालाडच्या मॉलमध्ये एका कार्टूनच्या सिनेमाला नेलं. पोस्टरवर टोपी घातलेला बगळा होता, म्हटलं हसतील जरा. निघाली ती एका म्हाताऱ्या दीपगृहाच्या दिव्याची गोष्ट. जहाजांना आता यंत्रं रस्ता दाखवतात, याच्याकडे कुणी बघत नाही. आणि हा दिवा बगळ्याला, खेकड्याला, लाटांना विचारत फिरतो की बाबांनो, आता मी कशासाठी? तमाम मुंबईत या माणसाला दाखवू नये असा एकच सिनेमा त्या आठवड्यात लागला असेल, तर तो मी अचूक निवडला होता. बाजूला पाहिलं. मामा कोपरा सोडून पडद्याच्या मधोमध बघत होते आणि त्यांचे गाल ओले होते. मी घाबरलो. शेवटाला दहा मिनिटं असतील, मी त्यांना हात धरून उठवलं. गाडी चुकीच्या जागी लावलीय, उचलून नेतील, असं काहीबाही सांगून बाहेर आणलं. मामा निमूट आले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "आपण रिक्षाने आलो ना?"

परतीच्या रिक्षात त्यांनी एकच विचारलं, "दिव्याचं पुढे काय झालं?"

मी ठोकून दिलं. मोठं वादळ येतं, सगळी यंत्रं बंद पडतात आणि दिवा शंभर जहाजं वाचवतो. मामांनी मान डोलावली. मी स्वतःवर खूश.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "जावईबापू, वादळबिदळ काही नाही हो त्यात. काल एकटा जाऊन बघून आलो." मी ओशाळून विचारलं, मग काय होतं? "ते सांगून काय मजा? शनिवारी हिला दाखवतोय."

मागून मामींनी फोन ओढून घेतला आणि त्या सांगू लागल्या. लग्नापासून त्या मामांच्याच टॉकीजला जात आल्या होत्या. हे वर केबिनमध्ये, त्या खाली, शेजारच्या खुर्चीवर पर्स.

शनिवारी मी गुपचूप जाऊन चार रांगा मागे बसलो. मामी अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या, "ह्यो दिवो आता काय करतलो?" आणि मामा म्हणत होते, "बघ तरी गो." वादळ आलं नाही. शेवटी एक म्हातारी कोळीण आली, दिव्याखाली फतकल मारून बसली आणि त्याच्या उजेडात जाळं विणू लागली. संपला सिनेमा.

दिवे लागले तरी ती दोघं उठेनात. मामींची एक चप्पल पुढच्या खुर्चीखाली सरकली होती. मामा गुडघ्यांवर बसून ती शोधत होते, रांगेतले लोक खोळंबले होते आणि मामी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभ्या होत्या. मी मदतीला उठणार होतो. पण माझी मदत मला माहीत आहे, बसून राहिलो.