नवऱ्याची बीपीची गोळी

या उन्हाळ्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा ह्यांनी गोल बाजारातून पेढे आणून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी वाटले.

सारकॉइडोसिस हे नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. फुप्फुसात बारीक गाठी होतात. काहींच्या आपोआप विरतात, काहींचा श्वास त्या हळूहळू कमी करत नेतात. माझ्या कुठल्या, हेच कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई दर तीन महिन्यांनी रक्तातला एक घटक तपासायच्या. तो वाढला तर गाठी जाग्या, उतरला तर निजल्या, असा ढोबळ अंदाज. त्यातलं 'ढोबळ' मी कधी ऐकूनच घेतलं नाही. आकडा म्हणजे माझी पत्रिका.

तर आकडा एकदम उतरला. नवस फेडायला आम्ही दोघं पुरानी बस्तीतल्या देवळात गेलो. गल्लीत मी दोनदा थांबले.

"काहून थांबून राहिली?" ह्यांनी विचारलं.

"ऊन आहे ना." रिपोर्ट चांगला असताना दम लागायचं कारणच काय?

पंधरा दिवसांनी फुंकायची तपासणी झाली. नळीत जीव खाऊन फुंकलं, तरी फुप्फुसांची ताकद आधीपेक्षा कमीच भरली. डॉक्टरीणबाई दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बघत बसल्या.

"दीदी, और कोई दवा चल रही है?"

"नहीं," मी ठामपणे म्हणाले.

हे खाकरले. "बीपीची गोळी सांग ना."

आता बीपीच्या गोळीला आमच्याकडे औषध कोण म्हणतं? मधे मला चक्कर आली, औषधाच्या दुकानात प्रेशर जास्त निघालं, तेव्हापासून ह्यांच्याच पाकिटातली रोज एक घेत होते. घरात साखरेचा डबा एकच असतो, तशी गोळीही एकच. ह्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे केलं. नाव वाचून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. नेमकी हीच गोळी रक्तातला तो घटक दाबून टाकते. गाठी जाग्याच होत्या.

मला आधी ह्यांचा राग आला, मग स्वतःचा. छातीनं गल्लीत दोनदा सांगितलं होतं, मी मात्र कागदाचं ऐकलं.

गोळी बदलली, स्टिरॉइड सुरू झालं. पुढची रक्ततपासणी महिन्यानं आहे, आणि मला खूप भीती वाटते. हे आता आपली गोळी माझ्याकडे पाठ करून गिळतात. मी जिना चढून आले की विचारतात, "दम लागून राहिला का?"

मला लगेच "नाही" म्हणायचं असतं. पण त्यासाठी आधी श्वास घ्यावा लागतो.