छपरीच्या दारातली हजेरी

मी मांसाचा तपासनीस झालो तो माझ्या हुशारीमुळे नव्हे. म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीत माझ्याहून चांगले इंग्रजी लिहिणारे कारकून होते, पण कापलेल्या जनावरापाशी उभे राहून मांसाला बोट लावायचे, वास घ्यायचा, हे काम त्यांच्यापैकी कोणी घेईना. घरी गेल्यावर आंघोळ करून तरी भागेल की नाही, याचीच त्यांना शंका. शेवटी मोठे कारकून माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "तुमच्यात चालतं ना हे? मग तुम्हीच बघा." मी किरिस्ताव, मिशनच्या शाळेत शिकलेला. पगार वाढणार होता. मी मान डोलावली. खाटीक, कसाई, आणि आमच्या वाडीतली डुकराचे मांस मुरवून विकणारी घरे माझ्या तपासणीखाली आली. त्या घरांत सगळ्यांत मोठा धंदा माझ्या मावशीचा.

आमची वाडी कोपरीच्या पलीकडे, खाडीला लागून. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवले. तिचा नवरा मिठागराच्या बांधावर साप चावून गेला होता, मूलबाळ नव्हते. ती डुकराचे मांस खडे मीठ, मिरची आणि ताडीचा शिरका घालून मुरवी, आतड्यात भरी, वाळवी, आणि टोपलीत घालून आगगाडीने कल्याणला नेई. तिथे रेल्वेच्या वसाहतीत गोरे आणि अर्धगोरे ड्रायव्हर, फायरमन राहत. त्यांच्या बायका तिची वाट पाहत बसत. त्या टोपलीवर मी वाढलो, आणि त्या टोपलीवरच शाळा शिकलो.

धंदा मावशीचा म्हणत, पण डुक्कर कापण्याचा दिवस सगळ्या वाडीचा असे. एकट्याने ते काम होतच नाही. जनावर धरायला चार दांडगे हात लागतात, उकळते पाणी ओतत राहावे लागते, केस खरवडावे लागतात, आणि ओहोटी आहे तोवर आतडी खाडीवर नेऊन धुवावी लागतात. उशीर झाला की सगळे फुकट. म्हणून सकाळी मावशीच्या अंगणात घरटी एकजण येई. कोणी बोलावणे करीत नसे. सुरी चालवायचा मान माझ्या धर्मबापाचा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने मला हातावर धरले होते. दुपारी जो तो आपला वाटा पानात बांधून घरी नेई. ज्याने पाय धरले त्याला मानेचा तुकडा, आतडी धुणाऱ्या बायकांना काळीज, पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर मांडीचा एक फरा. या वाट्याला कोणी मजुरी म्हणत नसे. तो वाटा होता, एवढेच.

मग कल्याणच्या वसाहतीत पटकीने दोन मुले दगावली. मावशीच्या मांसाने दगावली असे कोणी म्हटले नाही, पण रेल्वेच्या डॉक्टरने हुकूम काढला: तपासलेल्या जागेतले, सरकारी शिक्क्याचे मांस असेल तरच वसाहतीत येऊ द्यायचे. मावशीची टोपली फाटकावरून परत आली. तिने ती माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "तू सरकारात हायस ना? मग बघ काय ते."

मी खरोखरच बघितले. त्याच वर्षी सरकारने अशा लहान धंदेवाल्यांना फंडातून मदत द्यायचे ठरवले होते. घराबाहेर पक्की छपरी बांधावी, फरशी घालावी, पाणी वाहून जायला नाली करावी, अर्धा खर्च सरकार देईल. मी मावशीचा अर्ज लिहिला, साहेबांपुढे चार वेळा उभा राहिलो, आणि मंजुरी आणली. आमच्या भागात अशी मदत मिळालेली ती पहिलीच. छपरी उभी राहिली तेव्हा मावशी अनवाणी आत गेली, फरशीवर पाऊल घासून पाहिले आणि लहान मुलीसारखी हसली. "माझ्या घराला शेण, नि डुकराला फरशी!" ती म्हणाली. पाद्रीसाहेबांनी पवित्र पाणी शिंपडले. सगळी वाडी जेवली.

मदतीबरोबर नियम आले. कापणे छपरीतच, तपासनिसासमोर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर जांभळ्या शाईचा शिक्का. आणि कामाच्या वेळी आत फक्त मालक आणि त्याची नोंदलेली माणसे. हा शेवटचा नियम वाचून मी घाबरलो. मी साहेबांना विचारले, शेजारी येतात त्यांचे काय? साहेब भले होते. ते म्हणाले, जो काम करतो आणि मोबदला घेतो तो मजूर. नोंद कर, म्हणजे तोही आत. त्यांच्या दृष्टीने त्यांनी वाट काढून दिली होती, आणि मलाही तसेच वाटले. मी वाडीतल्या घरटी एकाचे नाव मजूर म्हणून लिहिले आणि मोबदल्याच्या जागी लिहिले, मांस. मावशीला सांगितले, सगळे जमले. ती म्हणाली, "देव तुझं भलं करो." वाडीत कोणाला काही विचारावे असे माझ्या मनात आले नाही. मी त्यांच्यातलाच होतो. आपल्याच माणसांना काय विचारायचे?

पहिल्या कापणीच्या सकाळी सगळे आले. मुद्दाम धुतलेले कपडे घालून आले होते, कारण सरकारी छपरी. डुक्कर खुंट्याला बांधलेले, पाण्याच्या हंड्यांना उकळी आलेली. मी बूट घालून दारात उभा राहिलो. नियमाप्रमाणे हजेरी घ्यायची होती. ती मनातल्या मनात घेता आली असती. तोंडे ओळखीची होती. पण मला माझे काम सगळ्यांना दाखवायचे होते. मी कागद उघडला आणि मोठ्याने वाचले, "छपरीतले मजूर." आणि पहिले नाव माझ्या धर्मबापाचे.

तो सुरीची धार अंगठ्यावर पाहत होता. त्याने वर पाहिले. "काय वाचलंस?"

"हजेरी आहे, बाबा. नुसतं हाजर म्हणायचं."

"त्याच्या आधी काय वाचलंस?"

मागून कोणीतरी हसले, "अरं, आपन बायचे गडी झालो काय रं? पगार कधी?" दुसरा म्हणाला, "पगार आतड्यात भरून मिलल!" लोक हसले, मीही हसलो. वाटले, निभावले. पण धर्मबाप हसला नाही. त्याची स्वतःची भातशेती होती, खाडीत स्वतःची होडी होती. उभ्या आयुष्यात तो कोणाच्या दारी कामाला गेला नव्हता.

"तुझ्या मावशीच्या अंगणात मी तुझ्या जन्माआधीपासून येतोय," तो म्हणाला. "कशाला येतो, तुला ठाव हाय?"

"हाय बाबा, पण सरकारी नियम..."

"मंग सरकाराला सांग, त्याचा मजूर आला नाय."

त्याने सुरी धुतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि उंबऱ्यावर ठेवून दिली. मावशी पुढे झाली, तिने त्याचा हात धरला. "भाऊ, त्याला अक्कल नाय, त्याचं मनावर घेऊ नको." तो तिला एवढेच म्हणाला, "तुझ्यावर राग नाय, बाय. पन ह्या दारातून मी नाय येनार." तो चालू लागला. मग दुसरा गेला. बायका काही वेळ रेंगाळल्या, पदर सारखे करीत एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि त्याही गेल्या. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर मी उत्तर दिले असते.

डुक्कर, उकळते पाणी, मावशी आणि मी राहिलो. मी बूट काढले. त्या दिवशीचा माल कल्याणला पोचला नाही तर वसाहतीतले बंगले दुसऱ्याकडून घेणार होते, हे दोघांनाही ठाऊक होते. डुक्कर आम्ही कसेबसे मारले. ते कसे मारले ते लिहवत नाही. पाणी गार झाले. केस निघेनात. मिठागरावरच्या गड्यांना मी हाका मारल्या, पण डुकराला ते शिवणार नव्हते. मावशी आतड्यांची पाटी घेऊन खाडीकडे धावली तोवर भरती लागली होती. ती चिखल-पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून धूत राहिली. ऊन चढले. पत्र्याखाली माश्या जमल्या. दुपार उलटून गेल्यावर मी मागच्या मांडीच्या हाडापाशी नाक नेले आणि मला कळले.

मावशीने माझ्या तोंडाकडे पाहिले. "थोडं नाक बंद कर ना रे, पोरा," ती म्हणाली. "शिरका जास्त घालते. मी रोज खाते, मला काय झालंय?"

ज्या हातांनी मी ते मांस खरवडले होते त्याच हातांनी ते नापास केले. छपरीमागे खड्डा खणला, मांसावर कळीचा चुना ओतला, माती लोटली. मी केले ते बरोबर होते. आजही मला दुसरे काही करता आले असते असे वाटत नाही, आणि म्हणूनच मला सुटका नाही. मी पापकबुलीला गेलो. पाद्रीसाहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सडलेले मांस पुरलेस, यात पाप कोणते?" मी म्हणालो, त्याआधीचे. ते म्हणाले, "नियम पाळलास, यात पाप कोणते?" मी पुन्हा पुन्हा गेलो. प्रायश्चित्त मिळाले नाही. माझ्या गोष्टीत त्यांना क्षमा करण्याजोगे काही सापडलेच नाही.

धर्मबापाच्या घरी मी दोनदा गेलो. कागद बदलून घेतो म्हणालो. तो सुपारी कातरत राहिला. "कागद बदलशील रे. आमी ऐकलं ते बदलशील?" वाडीतले लोक मावशीला रस्त्यात भेटत, विचारपूस करीत, आजारात पेज आणून देत. फक्त छपरीच्या दारातून कोणी आत आले नाही. आणि मदत घेतल्यापासून अंगणात कापायची तिला मनाई होती. कल्याणचे बंगले गेले. ती आता भाजीची टोपली घेऊन बसते.

पण सरकारी पैशाने बांधलेली जागा ठरलेल्या वर्षांपर्यंत नीट राखावी लागते, नाहीतर मदत परत मागतात. ती नीट आहे की नाही हे पाहायचे काम तपासनिसाचे, म्हणजे माझे. मी दर महिन्याला जातो. मी यायच्या आदल्या दिवशी ती गुडघे टेकून फरशी घासते, नालीत पाणी सोडते, भिंतींना चुना देते. मी नको म्हणालो. ती ऐकत नाही, आणि तिने केले नाही तर मला तसे लिहावे लागेल, हेही खरे आहे.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ती दारात बाजूला होऊन उभी राहिली. पूर्वी ती मला आत ओढून जेवायला बसवी. मी आत गेलो, फरशीवर हात फिरवला, हंडे पालथे घातलेले पाहिले, खुंटा पाहिला. कुठे डाग नव्हता. वासही नव्हता.

"झालं बघून, साहेब?" मावशीने विचारले.

मी "हो" म्हणालो आणि शेरा लिहिला: जागा स्वच्छ.