कापलेले चौदा सेकंद

कोणाच्याही घरात शिरले की ते आधी छताकडे बघायचे, मग माणसांकडे. बोलायच्या आधी पंखा बंद करायचे, घर दुसऱ्याचं असलं तरी. चहाला नाही म्हणायचे नाहीत, पण बिस्किट खिशात ठेवायचे. रंग वाळला की नाही ते हात न लावता, वास घेऊन सांगायचे. फोन आला की उभे राहायचे. संध्याकाळच्या बसमध्ये जागा असली तरी बसायचे नाहीत, पँटवरचा चुना सीटला लागेल म्हणून. आमच्या फिल्मचा खेळ असला की दाराजवळची खुर्ची धरायचे आणि पडद्याऐवजी लोकांकडे बघत राहायचे. मला ‘लेखक’ म्हणायचे. मी तोवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

सिराजचाचा रंगारी होते. वय अठ्ठावन्न. हडपसरला एका घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. वर सिमेंटचे पत्रे. पत्र्याखाली परवीनचाचींचं शिलाई मशीन. चाची साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार मशीन बंद असायचं. मशीनला काही झालेलं नसायचं, चाचींना चक्कर यायची.

पंधरा वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये चाचांनी पत्र्यावर चुना मारला. चुन्यात डिंक, दोन हात. खोली थोडी निवली. मशीन दुपारी दोनपर्यंत चालायला लागलं. मग दर वर्षी तेच. गल्लीत लोक विचारायचे, “काय सिराज, पत्र्याचं लग्न आहे का?”

“आहे. तुम्हाला आमंत्रण नाही.”

हे सगळं त्यांनी मला आमच्या नारायण पेठेतल्या घराला रंग देताना सांगितलं. मी मराठीत एम.ए. करून घरी बसलो होतो. ते भिंत घासायचे, मी पुस्तक घेऊन दारात बसायचो. आठ दिवसांत आमची मैत्री झाली. रंगकाम संपल्यावरही मी हडपसरला जात राहिलो.

माझी मैत्रीण शेफाली तेव्हा वाढत्या उन्हावर छोटी फिल्म करायच्या विचारात होती. “आकडे दाखवले की लोक मान डोलावतात आणि घरी जातात,” ती म्हणायची. “गोष्ट सांगितली की उठून काहीतरी करतात.” मला ते पटत होतं. मी तिला चाचांकडे नेलं. तिने पत्रा बघितला, मशीन बघितलं आणि जिन्यातच म्हणाली, “हीच फिल्म.”

चित्रीकरण दोन दिवस चाललं. दिग्दर्शन आणि कॅमेरा शेफालीचा. शब्द माझे. कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता काढायचा, तेही बहुतेक मीच ठरवायचो.

पत्र्यावर चाचा एका ठरावीक रेषेत चालायचे. पत्रे जिथे स्क्रूने खालच्या लोखंडी अँगलला बसवलेले असतात, त्या स्क्रूंच्या रांगेवरून. आधी कडेला जायचे, मग वळायचे. शेफालीला ते आवडेना. कॅमेरा समोरच्या गच्चीवर होता. ती ओरडली, “चाचा, तिरके या ना! मधून. सरळ माझ्याकडे.”

“मधून नाही यायचं.”

“एकदाच. फार सुंदर दिसेल.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “एकदाच, चाचा.”

ते आले. पांढऱ्याशुभ्र पत्र्यावरून, हातात बादली, मागे आभाळ. खरंच सुंदर दिसलं. पत्रा त्यांचा होता. कुठे किती जोर द्यायचा ते त्यांच्या पायांना माहीत होतं.

नंतर कठड्यावर बसून ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “एक सांगतो. पत्र्यावर पाय टाकायचा तो स्क्रूच्या रांगेवर. खाली अँगल असतो. मधे टाकाल तर पत्रा तुम्हाला जिन्याशिवाय घरात पोचवेल.” आम्ही सगळे हसलो. तो तुकडा चौदा सेकंदांचा होता.

तो मी कापला.

त्याच्या आधी चाची मशीन थांबवून हाताने कपाळ पुसतात, असं दृश्य होतं. त्यानंतर लगेच सूचना ऐकू आल्या की सगळं उतरल्यासारखं वाटायचं. मी वहीत लिहिलं, ‘माहितीपत्रक वाटतं.’ वही अजून माझ्याकडे आहे.

पहिला खेळ संपल्यावर चाचांनी विचारलं, “लेखक, ते स्क्रूचं कुठे गेलं?”

“लय बिघडत होती, चाचा.”

“कोणाची?”

“फिल्मची.”

ते म्हणाले, “तुझं शिक्षण झालंय त्यातलं. तू म्हणतोस तर असेल.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रंगाच्या बाबतीत कोणी असं काही सांगितलं असतं तर त्यांनी त्याला घराबाहेर काढलं असतं.

फिल्म चालली. नऊ मिनिटांची होती. सोसायट्यांत, शाळांत, वस्त्यांत आम्ही ती एकोणीस ठिकाणी दाखवली. फोनवरून ती आणखी कुठे कुठे गेली. लोक पांढऱ्या पत्र्यांचे फोटो पाठवायचे. एकाने लिहिलं, ‘आई दुपारी झोपली, चार वर्षांत पहिल्यांदा.’ चाचा हे फोटो मोठे करून बघायचे आणि कुठे एकच हात मारलाय ते सांगायचे. त्यांना आनंद झाला होता. चाची म्हणायच्या, “हिरो, गिरणीतून पीठ आणा.”

पुढच्या मे महिन्यात वारज्याहून चाचांना फोन आला.

अभय नावाचा चौतीस वर्षांचा माणूस. औषधांच्या दुकानात काउंटरवर असायचा. आमची फिल्म त्याने तीनदा पाहिली. रविवारी सुट्टी होती म्हणून घरच्या पत्र्यावर चुना मारायला चढला. पत्रा मधोमध फुटला आणि तो खालच्या ओट्यावर पाठीवर पडला. फोन त्याच्या आईचा होता. त्या रागावलेल्या नव्हत्या. पत्रा आता बदलायचा की कसं, एवढंच त्या चाचांना विचारत होत्या.

चाचा आणि मी दवाखान्यात गेलो. अभयच्या पाठीचे दोन मणके मोडले होते. डावा पाय अजून हलत नव्हता. चाचांना बघून तो हसला.

“काका, तुमच्यासारखंच चाललो हो. अगदी तसंच.”

त्याने उशाचा फोन घेतला आणि ते दृश्य लावलं. बादली, आभाळ, पांढरा पत्रा. “हे बघा. मधूनच चाललाय ना तुम्ही?”

चाचांनी बघितलं.

“हो,” ते म्हणाले. “चुकलं माझं. तसं चालायचं नसतं.”

आई पदराने डोळे पुसत होती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. बोलायला खूप वेळ होता. मी बोललो नाही.

बसस्टॉपवर मी म्हणालो, “चाचा, ते वाक्य मी कापलं होतं. तिरकं यायला आम्ही सांगितलं होतं.”

“मला माहितीये.”

“मग तुम्ही असं का म्हणालात?”

“तुझं नाव त्याला माहीत नाही. माझा चेहरा माहितीये.” बस आली. चढताना ते म्हणाले, “ते वाक्य परत लाव. आजच लाव.”

मी हो म्हणालो.

शेफाली ऐकून रडली. मग तिने डोळे पुसले आणि हिशेब मांडला. फिल्म एका महोत्सवात निवडली गेली होती. बारा जूनला दाखवायची होती, प्रत आधीच पाठवलेली होती. इंटरनेटवरची प्रत काढून नवी टाकली तर आधीचे प्रेक्षक शून्यावर येणार होते, आणि महोत्सवाची मंडळी तो आकडा विचारतात. “एक महिना, आमोद. तेरा तारखेला करू.” मी भांडू शकलो असतो. फिल्मच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकली, ‘पत्र्यावर चढताना काळजी घ्यावी.’ ती कोणी वाचत नाही. मीही कधी वाचत नाही.

चाचांनी तीन दिवस वाट पाहिली. मग मला म्हणाले, “कुठे कुठे दाखवली ते लिहून दे.”

मी एकोणीस ठिकाणं लिहून दिली.

त्यांनी कामं घेणं थांबवलं. लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ते रोज सकाळी बसने निघायचे. जिथे पत्रे पांढरे केले होते तिथे वर चढायचे आणि स्क्रूंच्या प्रत्येक रांगेवर लाल रेषा ओढायचे. लोकांना सांगायचे, “पिक्चरमधला तो मीच. त्यातलं ते मधून चालणं खोटं आहे. या रेषेवरून चाला.” लोक आधी त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. वारज्याला त्यांनी अभयच्या घराचा फुटलेला पत्राही बदलला.

मी एकदाच बरोबर गेलो. नऊ जूनला, मांजरीला. यादीतलं ते चौदावं ठिकाण. आठ घरांची एक रांग होती. मी शिडी धरून खाली, चाचा वर. तिसऱ्या घरातून दुर्गाबाई बाहेर आल्या.

“काय ओ, ह्ये काय चाललंय? पांढऱ्यावर तांबडं? माझ्या घराला गंध लावताय व्हय?”

“गंध नाही मावशी, रस्ता काढतोय.”

“पत्र्यावर रस्ता? कोन जातंय तितं?”

“तुमचा जावई. पुढच्या वर्षी चुना मारायला.”

“त्यो आळशी हाय. त्यो कशाचा चढतोय!”

“मग तर काळजीच मिटली,” चाचा म्हणाले, आणि रेष पुढे ओढली.

दुर्गाबाई हसत आत गेल्या आणि ताक घेऊन आल्या. चाचांनी वर बसूनच प्यायलं. साडेअकराला पत्र्यावर हात टेकवेना. शिवाय डबा संपला होता. ते उतरले. गुडघे चोळत जरा वेळ पायरीवर बसले.

“उद्या येतोस?”

“उद्या नाही जमणार, चाचा. महोत्सवाचं भाषण लिहायचंय.”

“काय लिहिणार?”

“तुमच्याबद्दलच.”

“वा! आणि शिडी कोण धरणार?” ते हसले. मीही हसलो.

दहा जूनला सकाळी सातला चाचींचा फोन आला. चाचा बाहेर निघायच्या तयारीत होते. चपला घालायला वाकले ते तिथेच बसले. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी दफन झालं. मी खांदा दिला. त्यांच्या हाताच्या नखांत लाल रंग होता. आदल्या दिवशी बसमध्ये मी तो बघितला होता. दफनाआधी मात्र मला चेहरा बघवला नाही.

बारा तारखेला शेफालीने माझं भाषण वाचलं. लोक उभे राहिले. तेरा तारखेला आम्ही चौदा सेकंद परत लावले आणि ते तिरकं चालणं काढलं. चाळीस मिनिटं लागली.

जुलैत मी वारज्याला गेलो. अभय आता वॉकर घेऊन दारापर्यंत येतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याची आई मधेच म्हणाली, “ते काका चारदा येऊन गेले. पत्रा बदलून दिला. तुम्ही कोण?”

मी नाव सांगितलं. फिल्ममध्ये शेवटी ते येतं, म्हणालो. त्यांनी शेवटपर्यंत कधी पाहिलेली नव्हती.

काल मांजरीला गेलो. दुर्गाबाईंनी शिडी काढून दिली आणि विचारलं, “म्हातारबाबा नाय आले?” मी सांगितलं. त्या खालीच बसल्या.

वर चढून मी बघितलं. सहा छपरांवर रेषा पूर्ण आहेत, सरळ, बोटभर रुंद. सातव्यावर दोन आहेत. तिसरी अर्ध्या पत्र्यापर्यंत आली आहे, शेवटी फिकट होत गेली आहे, तिथे डबा संपला. आठव्या छपरावर एकही नाही, आणि त्यापुढच्या पाच ठिकाणी ते पोचलेच नाहीत.