दोनची गोळी आणि सात शाली

सत्काराच्या सतराव्या शालीला वामनरावांचा उजवा हात थरथरायला लागला. मी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. पत्रिकेत व्याख्यानाची वेळ साडेदहा होती, आणि व्याख्याते अजून स्टेजवर बसून टाळ्या वाजवत होते.

मी फिजिओथेरपिस्ट. बोरगाव मेघेत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. गुडघे आणि कंबरा जास्त येतात, पण पार्किन्सनचे पेशंटही बरेच आहेत. वामनराव त्यातलेच. देवळीला त्यांचं कापडाचं दुकान. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोलून साडी गळ्यात मारणारा माणूस, आता त्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं. मग हालचाल मंदावते, अंग आखडतं, हात थरथरतो, आवाज बारीक होतो. गोळीने ती उणीव काही तास भरून निघते. गोळी चालू असते त्या वेळेला आम्ही 'ऑन' म्हणतो आणि उतरली की 'ऑफ'. त्यामुळे या आजारात घड्याळ फार महत्त्वाचं. वामनरावांना डॉक्टरांनी चार गोळ्या लिहिल्या होत्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा.

वामनराव तीनच घेत. दोनची गाळत.

कारण त्यांच्या कानावर आलं होतं की ही गोळी काही वर्षांनी काम करेनाशी होते. व्यापारी माणूस. त्यांनी ठरवलं, गोळीचा गुण आत्ताच उधळायचा नाही, खरं औषध निघेपर्यंत पुरवून वापरायचा. रोज दुपारी दोन ते सहा ते लाकडासारखे होत. महिन्याभरात दोनदा पडले. दुसऱ्यांदा कपाळाला टाके पडले. डॉक्टरांनी समजावलं, मी सहा महिने समजावत होते. गोळी थकत नाही काका, आजार पुढे सरकतो. ऐकतील तर शपथ.

"तुमी आपल्या इथल्याच ना मॅडम," ते म्हणायचे. "त्या मोठ्या सायबाले इचारू द्या मले एकदा. तो म्हणन तसं करतो."

मोठे साहेब म्हणजे आजचे व्याख्याते. पुलगावात वाढलेले, मिल कामगाराचा मुलगा, आता परदेशात पार्किन्सनवर संशोधन करतात. सुट्टीत घरी आले होते. त्यांनी व्याख्यानाला साधं नाव दिलं होतं, 'पार्किन्सनवरच्या इलाजाचा शोध: आपण कुठे आहोत?' आयोजक मंडळाच्या अध्यक्षांना ते फिकं वाटलं. बॅनरवर छापलं होतं, 'पार्किन्सनवर विजय'. विजय कोणी मिळवला ते लिहिलं नव्हतं. खाली अध्यक्षांचा फोटो होता.

पेशंट आणायची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून मी सकाळी आठलाच कार्यक्रमाच्या हॉलवर गेले. दुसऱ्या रांगेपासून पुढच्या माईकपर्यंत फरशीवर पिवळ्या टेपचे सात आडवे पट्टे चिकटवले. त्याचं कारण असं. या पेशंटचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात. याला 'फ्रीझिंग' म्हणतात. माणसाला जायचं असतं, पाय उचलत नाही. पण समोर रेघ दिसली की तीच रेघ ओलांडायला पाय उचलतो. मेंदूचा नेहमीचा रस्ता बंद असला तरी ही आडवाट बऱ्याच जणांची चालू असते.

वामनरावांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन परत आले तर पट्टे गायब. त्यांच्यावर लाल गालिचा अंथरला होता.

"अध्यक्षसाहेब, इथे मी पट्टे लावले होते."

"हो मॅडम, पाह्यले न मी. फोटोत खराब दिसून राह्यले होते. प्रमुख पाहुणे याच रस्त्यानं येणार हायेत."

"पेशंटही याच रस्त्याने जाणार आहेत. त्यांना फ्रीझिंग..."

"थे आमी पाहून घेऊ. चार पोट्टे उचलून नेतीन ना त्याईले."

पार्किन्सनच्या कार्यक्रमात पार्किन्सनचा माणूस उचलून न्यायचा. वामनराव ऐकत होते, म्हणून मी त्यांना दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

आणि मग सत्कार सुरू झाले. दीपप्रज्वलन करणाऱ्यांचा सत्कार. हॉल देणाऱ्यांचा. व्याख्यात्यांना लहानपणी शिकवलेल्या एका गुरुजींचा, तो एक ठीक होता. मग ते गुरुजी ज्या शाळेत होते तिच्या आजच्या संचालकांचा, त्यांच्या बंधूंचा, आणि साउंडवाल्याचासुद्धा. प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाला शाल आणि नारळ, प्रत्येकाचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द कधी दोन नव्हते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकच दिसेना. एकूण तेवीस सत्कार झाले. हॉलमध्ये निदान दहा पेशंट बसले होते. त्यांच्यातला एकेक जण माझ्या डोळ्यांदेखत आखडत गेला. मला फार संताप आला होता.

पावणेएकला व्याख्यान सुरू झालं. माणूस चांगला बोलला, पण इंग्रजी शब्दांचा खच पडला होता. त्यातून एवढं कळलं की उंदीर बरेचसे बरे झाले आहेत. माणसांचं अजून ठरायचं आहे. बॅनर त्यांच्या डोक्यावरच होता, तरी त्यांनी तसं सांगितलं, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं.

पावणेदोनला अध्यक्ष उठले. "वेळेअभावी फक्त एकच प्रश्न घेऊ. ज्याईले इचारायचा आहे त्याईनं समोर माईकजवळ यावं."

हातातला माईक होता, पण त्याची बॅटरी विसाव्या सत्कारातच संपली होती.

वामनराव उठायला लागले. दहाची गोळी उतरून तास झाला होता. "काका, मी विचारते तुमच्या वतीने," मी म्हटलं.

"नाई," ते पुटपुटले. "माया प्रश्न मीच इचारीन."

"मग दोनची गोळी आत्ताच घ्या. खिशात आहे ना?"

"तेच तं इचारायचं हाय."

मी त्यांना उभं केलं. दोन पावलं टाकली आणि गालिच्यावर पाय चिकटले. टाचा वर, गुडघे वाकलेले, अंग पुढे झुकलेलं. माईक पंधरा फुटांवर. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "असू द्या काका, बसा तुमी. आता आभार प्रदर्शन..."

स्टेजच्या खाली टेबलावर उरलेल्या शालींची चळत होती. मी वामनरावांना त्यांच्या पत्नीच्या हाती दिलं आणि टेबलाकडे गेले. एक शाल उचलली, पट्टीसारखी घडी केली आणि गालिच्यावर आडवी टाकली. मग दुसरी. चालणाऱ्याच्या पायाखाली सुटं कापड नको, हे आम्ही पेशंटला पहिल्याच दिवशी शिकवतो. तो नियम मी त्या दिवशी सगळ्यांसमोर मोडला.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या तुमी?" अध्यक्ष माईक सोडून खाली आले. "सत्काराच्या शाली आहेत त्या. जमिनीवर?"

"तुमच्या गालिच्याखाली माझे पट्टे आहेत. ते काढून देता का?"

त्यांनी गालिच्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. टेबलावर सहाच शाली निघाल्या. सातव्या पट्ट्यासाठी मी इकडे तिकडे पाहिलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या गुरुजींनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि पुढे केली.

मी वामनरावांच्या कमरेला धरलं. "काका, माईक पाहू नका. शाल पाहा. ओलांडा."

पाय उचलला. पहिली शाल ओलांडली, मग दुसरी. तिसरीपाशी थांबले, मी मोजलं, एक, दोन, आणि निघाले. सातवी ओलांडून त्यांनी माईकचा दांडा धरला. माईकमधून त्यांचा बारीक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"सायेब, तुमचं ते औषध कधी येईन?"

व्याख्याते स्टेजच्या कडेपर्यंत आले. "माहीत नाही काका. खरंच माहीत नाही."

"मंग तवरक मी ह्या गोळ्या वाचवून ठेवू का? एक कमी घेतो मी रोज."

तासभर इंग्रजी बोललेला तो माणूस स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आला. "नका वाचवू काका," तो म्हणाला. "वाचवून काहीच उरत नाई. गोळी संपून नाई राह्यली, तुमचे दिवस जाऊन राह्यले. टायमावर घ्या. मायावाल्या औषधाची वाट पाहून आज पडू नका."

वामनरावांनी शर्टाच्या खिशाकडे हात नेला. हात थरथरत होता, डबी निघेना. मी मदत केली नाही. डबी निघाली. व्याख्यात्यांनी स्टेजवरचा स्वतःचा पाण्याचा ग्लास आणून दिला. दोनला पाच मिनिटं कमी होती. मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेवीसपैकी सहा सत्कारांचे फोटो होते. प्रश्नाबद्दल एक ओळ नव्हती. अध्यक्षांनी शाली ड्रायक्लीन करून द्या असा निरोप पाठवला. मी दिल्या, गुरुजींची सोडून. ती गुरुजींच्या घरी जाऊन परत केली.

वामनराव आता चार गोळ्या घेतात आणि पुन्हा पडलेले नाहीत. आजार बरा झालेला नाही, पण दुपारी ते दुकानात बसतात. तेच वाक्य मी सहा महिने सांगत होते, फुकट गेलं. पिकतं तिथे विकत नाही.

मीही एक शिकले. आता कोणी पेशंट घेऊन कार्यक्रमाला बोलावलं, की मी विषय नंतर विचारते. आधी विचारते, सत्कार किती आहेत. पाचाच्या वर आकडा गेला तर पेशंटला सांगते, पुढची गोळी सोबत ठेवा, आणि तिची वेळ झाली की भाषण कोणाचंही चालू असो, घ्या.